सुक्याबरोबर ओलं किती जाळणार?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. फोन लागत नव्हते. कोण कुठल्या रुग्णालयात आहे, रक्त कुठे हवंय, कुणाचा अजून पत्ता नाही, हे सांगायला लोकांच्या हाताशी जी साधनं होती त्यांत ब्लॉगही होते. आदल्या वर्षीच्या २६ जुलैच्या पुरात मदतीसाठी सुरू झालेला ‘मुंबई हेल्प’ हा त्यांतलाच एक, आणि तो ब्लॉगस्पॉटवर, म्हणजे कुणालाही फुकट ब्लॉग चालवू देणाऱ्या गूगलच्या जागेवर होता. १३ जुलैला दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवठादारांना दीडेक डझन पत्त्यांची यादी पाठवली आणि ती पानं बंद करायला सांगितलं. यादीतले काही पत्ते ब्लॉगस्पॉटवरचे होते. अनेक पुरवठादारांनी मग सगळं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. टाइपपॅड आणि जिओसिटीज या तशाच जागांचीही तीच गत झाली. मराठीत ब्लॉगलेखन तेव्हा नुकतं मूळ धरत होतं. त्यातलंही बरंचसं याच जागेवर होतं, तेही गेलं. आरडाओरडा झाला तेव्हा सरकारनेच पुरवठादारांना खडसावलं की आम्ही ठरावीक पानं सांगितली होती, सगळी जागा बंद करा असं कुणी म्हटलं होतं?

त्यानंतर इंटरनेट कुठल्या कुठे गेलं, पण एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना टाळं ठोकायची ही सवय सुटलेली नाही. मला त्याविरुद्ध बोलायचं आहे. बंदी घालण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने शेजारी होरपळणार नाहीत याची खात्री आधी करून घेतली पाहिजे. चूक झालीच, तर ती शोधण्याचा, सिद्ध करण्याचा आणि निस्तरण्याचा भार नाहक अडकलेल्याच्या डोक्यावर टाकता कामा नये. आज तो भार नेमका त्याच्याच डोक्यावर आहे.

मी छोट्या संस्थांच्या आणि व्यवसायांच्या वेबसाइट सांभाळते. तालुक्याचं वाचनालय, एक हौशी नाट्यसंस्था, दोन-चार होमस्टे, आंबा बागायतदार. यांच्यापैकी कुणाकडेही स्वतःचा सर्व्हर नाही. सगळे शेअर्ड होस्टिंगवर आहेत, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक जण भाड्याने राहतात, आणि तिथे असण्यात काही कमीपणा नाही. इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा एक पत्ता लागतो, आयपी ॲड्रेस. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे लवकरच लक्षात आलं होतं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून झाले. दरम्यान नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एचटीटीपीची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यांची, १.१ ही आवृत्ती आली. तिच्यात ब्राउझर सर्व्हरला साइटचं नाव सांगतो, त्यामुळे एकाच आकड्यावर शेकडो साइट सुखाने नांदू शकतात. वर्षाला दोन-तीन हजार रुपयांत वाचनालयाला आपली पुस्तकांची यादी जगापुढे ठेवता येते ती या सोयीमुळे. हार्वर्डच्या बर्कमन सेंटरमध्ये बेंजामिन एडेलमन यांनी २००३ मध्ये मोजणी केली, तेव्हाच चालू साइटपैकी ८७ टक्क्यांहून अधिक साइट आपला पत्ता दुसऱ्या कुणाशी तरी वाटून घेत होत्या. दोन-तृतीयांशाहून अधिक साइटना पन्नास किंवा त्याहून जास्त शेजारी होते. आता साइट आणि वाचक यांच्या मधे उभं राहून वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअरसारख्या कंपन्यांमागे लाखो साइट मोजक्या पत्त्यांवर उभ्या आहेत, म्हणजे शेजार आणखी दाटला आहे.

अशा वेळी आकडा अडवणं म्हणजे एका खोलीत चोरीचा माल सापडला म्हणून अख्ख्या चाळीचं पाणी तोडणं. फरक एवढाच की चाळीतल्या माणसाला शेजारी कोण आहे ते माहीत असतं. शेअर्ड होस्टिंगवरच्या वाचनालयाला आपल्या आकड्यावर आणखी कोण राहतं याचा पत्ताही नसतो, आणि शेजारी निवडायची मुभा तर नसतेच.

याचं नुकसान किती होतं हे न्यायालयांपुढे आकड्यांनिशी येऊन गेलेलं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने २००२ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं दाखवणाऱ्या साइट अडवण्याचा कायदा केला. हेतूबद्दल दुमत असायचं कारणच नव्हतं. पुरवठादारांना सर्वांत सोपं होतं ते त्यांनी केलं, आकडे अडवले. २००४ मध्ये प्रकरण फेडरल न्यायालयात निकाली निघालं तेव्हा दिसलं की चारशेहून कमी साइट अडवण्यासाठी दहा लाखांहून अधिक निर्दोष साइट अडवल्या गेल्या होत्या. न्यायालयाने कायदाच घटनाबाह्य ठरवला.

ऑस्ट्रेलियातलं प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं, कारण तिथे कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. २०१३ मध्ये तिथल्या कंपनी आणि गुंतवणूक नियामकाने गुंतवणूकदारांना गंडवणाऱ्या एका साइटचा आकडा पुरवठादारांना दिला. त्यासोबत १२०० साइट बंद पडल्या. मेलबर्न फ्री युनिव्हर्सिटी ही लोकांसाठी विनामूल्य व्याख्यानं भरवणारी संस्था त्यांत होती. आपली साइट कुणी बंद केली आणि का केली, हे तिला कुणी सांगेना. पुढे संसदीय चौकशीत बाहेर आलं की त्याच नियामकाच्या आणखी एका आदेशात सुमारे अडीच लाख साइट सापडल्या होत्या. त्यातल्या बहुतेक रिकाम्या होत्या हे खरं, पण सगळ्या नव्हत्या. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यांना एका आयपी पत्त्यावर अनेक साइट असू शकतात हेच ठाऊक नव्हतं, अशी कबुली नियामकाने दिली. ज्याला कुलूप म्हणजे काय हे माहीत नाही त्याच्या हाती सगळ्या दारांच्या किल्ल्या होत्या.

आणि एकदा बंदी लागली की ती उठवायला किती धडपडावं लागतं, हे व्लादिमीर खारितोनोव यांना विचारावं. रशियातल्या इलेक्ट्रॉनिक प्रकाशकांच्या संघटनेचे ते कार्यकारी संचालक. ई-पुस्तकांच्या जगातल्या बातम्या देणारी त्यांची साइट डिसेंबर २०१२ मध्ये बंद झाल्याचं त्यांना कळलं. गुन्हा काय, तर त्याच आकड्यावर गांजाविषयीच्या गोष्टी असलेली भलतीच एक साइट होती आणि अमली पदार्थविरोधी खात्याने तो आकडा अडवायला लावला होता. खारितोनोव देशातल्या न्यायालयांत गेले. तिथे त्यांना सांगण्यात आलं की त्या दुसऱ्या साइटविरुद्धचा आदेश कायदेशीर आहे. तो कायदेशीर आहे की नाही हा त्यांचा प्रश्नच नव्हता! माझा काय संबंध, एवढंच ते विचारत होते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २३ जून २०२० ला त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला आणि दाद मागायची खरी सोयही त्यांना मिळाली नाही, असं न्यायालय म्हणालं. साडेसात वर्षं लागली.

त्या निकालातली एक गोष्ट आपल्याला जशीच्या तशी लागू होते. ज्याच्यावर आरोप आहे त्याला निदान आरोपी म्हणून काही हक्क असतात. शेजाऱ्यावर आरोपच नसतो, म्हणून त्याला नोटीस नाही, सुनावणी नाही, आदेशाची प्रत नाही. कायद्याच्या लेखी तो त्या प्रकरणात नसतोच.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली बंदीचे आदेश निघतात आणि त्याची कार्यपद्धती २००९ च्या नियमांत आहे. मजकूर ज्याचा आहे त्याला किंवा तो ज्याच्याकडे ठेवलेला आहे त्या मध्यस्थाला गाठून बाजू मांडायची संधी द्यावी, असं नियम सांगतात. पण त्याच नियमांत तक्रारी आणि आदेशांबाबत कडक गुप्तता पाळण्याचंही बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं, पण ६९अ टिकवलं. टिकवताना आधार घेतला तो याच नियमांतल्या संरक्षणाचा, म्हणजे लेखी कारणं आणि सुनावणी यांचा. प्रत्यक्षात हुंडाप्रथेची खिल्ली उडवणारी एक साइट २०१८ मध्ये बंद झाली, आणि ती चालवणाऱ्या माणसाला बंदीच्या आदेशाची प्रत द्या, त्याचं म्हणणं ऐका, हे दिल्ली उच्च न्यायालयाला मे २०२२ मध्ये सांगावं लागलं. ज्याच्यावर थेट आदेश आहे त्याची ही कथा. शेजाऱ्याला कोण विचारतो?

डिसेंबर २०१४ चं उदाहरण तर आपल्या घरचं आहे. महाराष्ट्र दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून आणि मुंबईतल्या न्यायालयाच्या निर्देशावरून ३२ साइट बंद करण्याचा आदेश निघाला. कारण होतं इस्लामिक स्टेटचा प्रचार, आणि ते गंभीर होतं. मुंबई परिसरातली तरुण मुलं इराक-सीरियाकडे गेल्याच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या. पण यादीत गिटहब होतं, जिथे जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम ठेवतात. व्हिडिओ ठेवायचं व्हिमिओ होतं. इंटरनेट आर्काइव्ह होतं, जिथे जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली आहेत आणि ज्यावर माझ्यासारख्या अनेकांचं वाचन चालतं. हिंजवडीतल्या मुलाचं काम थांबलं आणि संदर्भ शोधणाऱ्या प्राध्यापकाचंही. त्या मंचांनी सहकार्याची तयारी दाखवल्यावर त्यातल्या काही साइट खुल्या झाल्या. हेच बोलणं आधी करता आलं असतं. आर्काइव्हवर तर २०१७ मध्ये पुन्हा कुऱ्हाड पडली. चित्रपटांची चोरी रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाकडून मिळवलेल्या आदेशाच्या यादीत अडीच हजारांहून जास्त साइट होत्या, आणि त्यांत इंटरनेट आर्काइव्हचंही नाव होतं. इतकी लांब यादी कुणी नावानिशी वाचली असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

२०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरची अधिकृत साइट भारतात कित्येक महिने उघडत नव्हती. घराघरांतल्या संगणकांवर असलेलं, व्हिडिओ पाहायचं फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर. आपल्यावर बंदी आहे हे बनवणाऱ्यांना वापरणाऱ्यांकडून कळलं. नोव्हेंबरमध्ये, कायदेशीर नोटिशीनंतर, ती उठली. त्या काळात ज्यांनी ते प्लेअर भलत्या साइटवरून उतरवून घेतलं, त्यांना सुरक्षेच्या नावाखाली आपण जास्त असुरक्षित केलं. बेंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सहा मोठ्या पुरवठादारांच्या बंदी-याद्या तपासल्या. चार हजारांहून अधिक साइटपैकी सहाही ठिकाणी बंद असलेल्या साइट जेमतेम २८ टक्के निघाल्या. देश एक, कायदा एक, आणि काय उघडेल हे मात्र तुमचं सिमकार्ड कुणाचं आहे यावर ठरतं.

याच देशात, याच राज्यात, याहून शहाणपणाने वागता येतं हे दाखवणारा एक आदेश आहे. जुलै २०१६ मध्ये एका हिंदी चित्रपटाचे निर्माते प्रदर्शनाच्या तोंडावर मुंबई उच्च न्यायालयात आले. लांबलचक यादी देऊन त्या सगळ्या साइट बंद करा, अशी त्यांची मागणी होती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी विचारलं की या संपूर्ण साइटवर फक्त बेकायदा मजकूरच आहे असं तुम्ही कशावरून म्हणता, आणि हे तपासलं कुणी? अख्ख्या साइट बंद करायला त्यांनी नकार दिला. मग निर्मात्यांना एकेक पत्ता तपासून, खात्री करून यावं लागलं आणि १३४ नेमके दुवे बंद करायला परवानगी मिळाली. बंद पानावर येणाऱ्याला ते कोणत्या आदेशाने बंद आहे हे दिसावं आणि नाहक अडकलेल्याला दाद मागता यावी, याचीही तजवीज आदेशात केलेली होती. निर्मात्यांचं नुकसान झालं का? त्यांना हवं होतं ते मिळालं. फक्त मेहनत मागणाऱ्याला करावी लागली, आणि ती त्यानेच करायची असते.

आता ईमेलकडे येते. रोजच्या व्यवहारात माझ्या लोकांना सर्वांत जास्त छळतो तो हा प्रकार, आणि त्यात न्यायालयही नाही, सरकारही नाही.

एप्रिलचा महिना, देवगडकडचे एक बागायतदार. त्यांना मी काका म्हणते. पुण्यातल्या एका कंपनीतल्या लोकांनी एकत्र मोठी ऑर्डर दिलेली, पाच डझनांच्या पेट्या. आढीतला आंबा कधी तयार होणार, गाडी कधी निघणार, पैसे कुठे भरायचे, हे सगळं काकांनी आपल्या स्वतःच्या नावाच्या मेलवरून कळवलेलं. उलट मेल आली ती इंग्रजीत, यंत्राने लिहिलेली: ‘५५० ५.७.१’, आणि पुढे तुमचा सर्व्हर अमुक यादीत असल्यामुळे नाकारला आहे असं. काकांनी मला फोन केला. “अगो, माझा आंबा नाकारला की मेल नाकारली?” त्यांना खरोखरच कळत नव्हतं, आणि कळावं अशी ती भाषा नव्हतीही.

शोधलं तेव्हा दिसलं ते असं. त्याच सर्व्हरवरच्या वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कुठल्यातरी अनोळखी साइटचं जुनं प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला भाग, कुणीतरी फोडलं होतं आणि तिथून रात्रभर औषधांच्या जाहिराती बाहेर जात होत्या. सगळ्यांच्या मेल एकाच आकड्यावरून निघत असल्यामुळे तो आकडा काळ्या यादीत गेला. होस्टिंगवाल्याकडे तक्रार नोंदवली, तर उत्तर आलं की विषय संबंधित विभागाकडे दिला आहे. यादीवाल्यांचा फॉर्म भरायला गेले, तर तिथे लिहिलेलं की नाव काढण्याची विनंती फक्त नेटवर्कच्या मालकाने करावी. ज्या कंपनीच्या मेलपेटीने नकार दिला होता तिच्या फॉर्मला यंत्राचं उत्तर आलं, कारण न देता. तीन दारं, आणि तिन्ही ठिकाणी काकांना बोलायचा अधिकार नाही. शेवटी त्यांनी मुलाच्या जीमेलवरून सगळ्यांना कळवलं आणि व्यवहार पार पडला. पण दोन ग्राहकांनी पैसे भरायच्या आधी फोन करून विचारलं, “हे तुम्हीच ना? पत्ता वेगळा दिसतोय.” ऑनलाइन फसवणुकीच्या दिवसांत त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल?

निदान त्यांना नकाराची मेल आली. त्याहून वाईट म्हणजे काहीच न येणं, मेल गुपचूप स्पॅममध्ये जाऊन पडणं. पाठवणाऱ्याला वाटतं पोचली, घेणाऱ्याला वाटतं पाठवलीच नाही. दिवाळी अंकासाठी कविता पाठवलेल्या कवीला वाटत राहतं की संपादकाने साधी पोचही दिली नाही.

या याद्या कशासाठी आहेत ते मला पक्कं ठाऊक आहे. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी या इंटरनेट अभियंत्याने अशी पहिली मोठी यादी चालवायला घेतली तेव्हा कचरामेलने सर्व्हर अक्षरशः बुडत होते. आज या याद्या आणि गाळण्या काढून टाकल्या, तर कुणाचाही मेलबॉक्स दुपारपर्यंत वापरता येणार नाही. त्या चालवणारे कष्टाचं आणि बहुतेकदा आभारशून्य काम करतात. त्यांचा युक्तिवादही ऐकण्यासारखा आहे: आम्ही कुणाची मेल अडवत नाही, आम्ही फक्त मत देतो, ते मानायचं की नाही हे मेल घेणारा ठरवतो. आणि शेजारशेजारच्या आकड्यांचा अख्खा पट्टाच यादीत टाकला की होस्टिंगवाल्यावर दबाव येतो, तो घाण साफ करतो.

पहिला युक्तिवाद आता टिकत नाही. जगातल्या मेलपेट्यांचा मोठा हिस्सा मोजक्या कंपन्यांकडे असताना आणि त्यांचं मत हाच निकाल ठरत असताना, मत देणाऱ्याला हात झटकता येत नाहीत. दुसरा युक्तिवाद मला नैतिकदृष्ट्याच मान्य नाही. होस्टिंगवाल्याला वठणीवर आणायला काकांचा आंबा का सडायचा? काका त्या कंपनीचे भागीदार नाहीत, ग्राहक आहेत. दोषी नाही हे माहीत असलेल्या माणसाला मुद्दाम त्रास द्यायचा, म्हणजे तो तिसऱ्यावर ओरडेल, ही पद्धत आपण दुसऱ्या कुठल्याही व्यवहारात सहन करणार नाही. आणि लवकर नाव काढायचं असेल तर पैसे भरा, असं म्हणणाऱ्या काही याद्या आहेत. त्यांच्याविषयी मला काहीही चांगलं बोलता येत नाही.

मोठ्या कंपनीला वेसण घालता येते, पण ती पुरेशा लोकांनी एकत्र येऊन घालावी लागते. अमेरिकेतल्या व्हेरायझन या दूरसंचार कंपनीने २००४ च्या अखेरीपासून स्पॅम रोखण्याच्या नावाखाली परदेशांतून, विशेषतः युरोपातून येणाऱ्या मेलचे पट्टेच्या पट्टे अडवले होते. ग्राहकांनी मिळून खटला भरला आणि २००६ मध्ये कंपनीला भरपाई देऊन तडजोड करावी लागली.

एकेकटा माणूस मात्र तडजोड करतो ती वेगळी. तो जीमेल घेतो. आपल्याकडे शाळा, पतसंस्था, दवाखाने, इतकंच काय सरकारी कार्यालयांच्या पाट्यांवरसुद्धा जीमेलचे पत्ते रंगवलेले असतात. स्वस्त आणि सोपं हे त्याचं एक कारण. पण स्वतःच्या नावाने मेल पाठवली तर ती पोचेल याची खात्री उरलेली नाही, हेही एक कारण आहे, आणि त्याची चर्चा होत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांचे, म्हणजे मेल खरोखर त्याच नावाकडून आली का हे पडताळण्याचे, नियम कडक केले. हे नियम चांगले आहेत. त्यांत माणूस आकड्यावरून ओळखला जात नाही, त्याच्या नावावरून ओळखला जातो. काकांचं तिन्ही बसवलेलं होतं. तरीही आकड्यापायी मेल नाकारली गेली. सगळ्यांनी गूगलसारख्या एक-दोन परदेशी कंपन्यांच्या ओसरीवर येऊन बसावं, असा हा दबाव आहे, आणि मराठी संस्थांनी तो निमूट स्वीकारू नये असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, मग करायचं काय? बँकेच्या नावाने खोटी साइट उघडून म्हाताऱ्या माणसांची खाती रिकामी करणारे आहेत, मुलांचं शोषण विकणारे आहेत. त्यांना मोकळं सोडायचं? अजिबात नाही. मजकूर मुळातून काढणं हाच पहिला उपाय आहे. होस्टिंगवाल्याला आणि नाव नोंदवणाऱ्या कंपनीला सांगितलं तर अशी साइट शेजाऱ्याला धक्का न लावता बंद पडते. अडवायचंच असेल तर नाव अडवता येतं. ब्राउझर जोडणी सुरू करताना साइटचं नाव बहुतेकदा उघड सांगतो आणि आपल्याकडचे मोठे पुरवठादार त्यावरून साइट अडवतातच. म्हणजे आकडा अडवल्याशिवाय गत्यंतर नाही, ही सबब राहिलेली नाही.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं कुलूपबंद झाल्यामुळे, पुरवठादाराला साइटचं नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. त्यामुळे गिटहबवरचं एकच पान बंद करायला सांगितलं, तर पुरवठादार ते करूच शकत नाही. त्याच्यापुढे सगळं किंवा काहीच नाही, एवढेच पर्याय उरतात. अशा वेळी आदेश त्या मंचाकडे गेला पाहिजे, पुरवठादाराकडे नाही. मंचाने ऐकलं नाही तर पुढचा विचार करावा, आणि तोही न्यायाधीशाने करावा.

ही काळजी घेतली नाही तर काय होतं ते युरोपात दिसतंय. इटलीने फुटबॉलच्या चोरट्या प्रक्षेपणाविरुद्ध ‘पायरसी शील्ड’ नावाची यंत्रणा उभी केली. तक्रार आली की ३० मिनिटांत अडवायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने गूगल ड्राइव्हच अडवून दाखवलं. स्पेनमध्ये फेब्रुवारी २०२५ पासून, फुटबॉल लीगने मिळवलेल्या न्यायालयीन आदेशाच्या बळावर, सामने चालू असताना क्लाउडफ्लेअरचे आकडे अडवले जाऊ लागले आणि त्यांच्यामागच्या दुकानांच्या, सेवांच्या साइट शनिवार-रविवारी बंद पडू लागल्या. धंद्याचे दिवस तेच. आपल्याकडे क्रिकेटच्या हंगामात उद्या कुणी अशीच मागणी घेऊन येणार नाही, असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

म्हणून आत्ताच मागून घ्यायला हवं. आयपी पत्ता अडवण्याची मागणी करणाऱ्याने त्या आकड्यावर आणखी कोणकोणत्या साइट आहेत, याची यादी आदेशासोबत जोडावी. ही माहिती मिळवायला आज काही मिनिटं लागतात, आणि ती न मिळवणारा अधिकारी किंवा वकील निष्काळजी ठरला पाहिजे. प्रत्येक बंदीला शेवटची तारीख असावी. खोटी बँक-साइट आठवड्याभरात गाशा गुंडाळते आणि तो आकडा दुसऱ्या कुणा निरपराधाला मिळतो. बंदी मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते. बंद पानावर आदेशाचा क्रमांक आणि काढणाऱ्याचं नाव दिसावं. आरोपी नसलेल्या शेजाऱ्यालाही तक्रार करता येईल असं एक ठिकाण असावं, मराठीत तक्रार चालेल असं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर मिळेल असं. चूक सिद्ध झाली तर बुडालेल्या व्यवसायाची भरपाई ज्याच्या मागणीवरून बंदी लागली त्याने द्यावी. या शेवटच्या अटीशिवाय बाकीच्या कागदावरच राहतील, असं माझं स्पष्ट मत आहे. चुकीची किंमत शून्य असेल तर यादी कुणी तपासून पाहणार नाही.

होस्टिंगवाल्यांनाही सोडता येत नाही. आपला आकडा काळ्या यादीत गेला हे त्यांना आधी कळतं, पण ते ग्राहकाला सांगत नाहीत. पाठवण्याच्या मेलवर तासाला मर्यादा घालणं, फुटलेली साइट लगेच बाजूला काढणं, बिघडलेल्या आकड्यावरून बाकीच्यांची मेल हलवणं, यातलं काहीच अवघड नाही, आणि चांगले होस्टिंगवाले ते करतातही. नूतनीकरणाचं बिल भरण्याआधी एवढं विचारून घ्यावं: मेल कोणत्या आकड्यावरून जाते, तो यादीत गेला तर कळवाल का, आणि किती वेळात बदलून द्याल? लेखी मागावं. काकांना मी या हंगामाआधी तेच करायला लावलं आहे. त्यांच्या होस्टिंगवाल्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात आलं नाही, तर जागा बदलणार आहोत.